पंचफुलाबाईचा तिसरा रंग

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या बाबतीत घडलंय, आणि मी हे टाइप करतोय तेव्हाही ते थांबलेलं नाही.

या पेजवरच्या बहुतेक गोष्टींत अमावस्या असते. पिंपळ असतो, पडकी विहीर असते. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे दुपार आहे. अकोल्याची मे महिन्यातली दुपार, एमआयडीसीतली एक दाल मिल आणि एक साधा कॉम्प्युटरचा स्क्रीन.

तारीख शुक्रवार, २४ मे २०२४.

वेळ दुपारी पावणेतीन.

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. मला आता त्यानं फरक पडत नाही. मला फक्त सगळं सांगून टाकायचं आहे.

मी विपुल. राहायला अमरावतीला, कामाला अकोल्याला. रोज सकाळी सातची एसटी. दाल मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन असतं, ते बसवणं आणि सांभाळणं हे माझं काम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाळ वरून पन्हाळीतून घसरत खाली येते. दोन्ही बाजूंनी कॅमेरे बघत असतात. एखादा दाणा डागी दिसला की हवेची बारीक नळी त्याला फुंकून बाजूला उडवते.

तेव्हा आवाज येतो. टक.

सेकंदाला शेकडो दाणे उडतात, त्यामुळे चालू मशीनजवळ उभं राहिलं की टिनावर गारा पडल्यासारखं वाटतं. कोणता रंग ठेवायचा आणि कोणता उडवायचा, हे मशीनला शिकवावं लागतं. ते मी शिकवायचो, स्क्रीनसमोर बसून. मला त्याचा माज होता. आता लपवून काय करू.

मशीन येण्याआधी या मिलमध्ये बारा बाया डाळ निवडायला होत्या. मशीन आलं आणि अकरा घरी गेल्या. एक राहिली.

पंचफुलाबाई.

मिलचे मालक भगवंतराव लहान होते तेव्हापासूनची ती. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळी, कपाळावर हे एवढं गोंदण. मशीनमधून निघालेली डाळ जिथं पडते तिथं ती सूप घेऊन बसायची. काम एकच. मशीनचं काही चुकलंय का ते बघायचं.

आणि मशीनचं रोज चुकायचं.

दुपारी जेवण झालं की ती माझ्या केबिनमध्ये यायची. मूठ उघडायची आणि माझ्या कीबोर्डशेजारी आठ-दहा दाणे ठेवायची.

"हे पाहा भाऊ. तुमच्या मशीननं सोडून देल्ले."

"मावशी, चांगले तं हायेत हे."

"नाई. हे भिजून पुन्हा सुकलेले हायेत. हे शिजत नाईत."

एकदा भगवंतराव समोर होते. त्यांना गंमत वाटली. त्यांनी ते दाणे पुरचुंडीत बांधून घरी नेले आणि बाकीच्या डाळीबरोबर कुकरला लावले. दुसऱ्या दिवशी मिलभर झालं, की डाळीचं पार पीठ झालं आणि पुरचुंडीतले दाणे गोट्यासारखे कडक राहिले. माझ्याकडे बघून लोक हसत होते. भर मिलमध्ये माझं नाक कापलं गेलं, आणि कापणारीला अक्षरओळख जेमतेम सही करण्यापुरती.

तेव्हा भगवंतराव आणखी दोन मशीनं घेण्याच्या विचारात होते. ती घेतली गेली असती तर मशीन विकणारी माझी एजन्सी मला अकोल्याचा प्रमुख करणार होती. आणि मध्ये ही बाई, रोज मूठभर दाणे घेऊन.

मीच भगवंतरावांना म्हणालो, "काका, बाईचं वय झालं. एकडाव नजर तपासून घेऊ. कागदावर आलेलं बरं."

तपासणी झाली ३० एप्रिलला. माझ्याच केबिनमध्ये. खुर्चीवर पंचफुलाबाई, मागे भगवंतराव, दारात चौकीदार देवमन. मी स्क्रीनवर दोन चौकोन काढले. दोन्ही तुरीच्या डाळीच्या पिवळ्या रंगाचे, फरक अगदी नखाएवढा. मला वाटलं होतं, तिला दोन्ही एकच वाटतील. मला स्वतःला एकच वाटत होते.

"मावशी, किती रंग दिसून राहिले?"

ती बराच वेळ बघत बसली. मान थोडी तिरकी केली.

मग म्हणाली, "तीन."

भगवंतराव हसले.

"मावशी, चौकोनच दोन हायेत."

"हायेत ना दोन. पन हा डावा उभा हाय. हा उजवा हालून राहिला. याच्यात दोन रंग हायेत. एक येते, एक जाते."

मी हसलो. दारातला देवमनही हसला. मी असे एकूण अकरा वेळा रंग दाखवले. ती कधी दोन म्हणाली, कधी तीन, एकदा तर चार म्हणाली. एकदाही डगमगली नाही. मी कागदावर लिहिलं, 'दृष्टिदोष. रंग ओळखता येत नाहीत.' खाली माझी सही, भगवंतरावांची सही.

"काय लिवलं भाऊ?" तिनं विचारलं.

"तपासणी झाली म्हणून लिवलं."

तिनं वाकडीतिकडी सही केली. दुसऱ्या दिवशी देवमननं तिला आत सोडलं नाही.

ती भांडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. गेटसमोर रस्त्यापलीकडे एका बंद गोदामाची भिंत आहे, त्या भिंतीला टेकून बसली. मांडीवर सूप. रोज. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी येताना आणि जाताना उठून उभी राहायची.

"भाऊ, पुन्हा बसवा मले एकडाव. मी खोटं नाई बोलली."

मी मान हलवून पुढे निघायचो. एक दिवस, दोन दिवस, तीन आठवडे.

आता खरं सांगायची वेळ आली आहे.

मंगळवारी, २१ मेला, माझ्या स्क्रीनवर विचित्र पट्टे दिसायला लागले. मी स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीच्या एका जाणकार माणसाला फोन लावला. बोलता बोलता त्यानं जे सांगितलं ते मला या धंद्यात नऊ वर्षं काढून माहीत नव्हतं.

आपला स्वस्तातला स्क्रीन प्रत्येक रंगाच्या चौसष्टच पायऱ्या दाखवू शकतो. त्याला मागितल्या जातात दोनशे छप्पन्न. मग मधल्या पायऱ्या तो आणतो कुठून?

आणतच नाही. फसवतो.

जवळचे दोन रंग घेतो आणि एका सेकंदात कितीतरी वेळा त्यांची अदलाबदल करत राहतो. आता हा, आता तो. डोळ्याला तेवढा वेग पकडता येत नाही, म्हणून आपल्याला मधलाच एखादा रंग दिसतो. तो तिथं नसतोच.

मी विचारलं, "कुणाला ती अदलाबदल दिसू शकते का?"

तो म्हणाला, "फार थोड्यांना. दिसत असेल तर त्याची नजर आपल्यापेक्षा कितीतरी चांगली समजायची."

मी फोन ठेवला. ३० एप्रिलचे तेच दोन चौकोन पुन्हा स्क्रीनवर आणले. मोबाइलला दागिने बघायचं छोटं भिंग लावलं, अगदी जवळ धरून स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं आणि बघितलं.

डावा चौकोन स्थिर होता.

उजवा हलत होता.

डावीकडे एक रंग, उजवीकडे दोन. तीन. बाकीच्या दहा जोड्याही तशाच तपासल्या.

त्या अकरा वेळांत पंचफुलाबाई एकदाही चुकली नव्हती. आणि ती तेव्हा माझ्यापासून शंभर पावलांवर, उन्हात बसली होती.

मी बाहेर गेलो नाही. बुधवारी मागच्या गेटनं आलो. गुरुवारीही. म्हटलं, आता हे सांगितलं तर भगवंतराव मशीनं घेणार नाहीत. जाऊ दे, चार दिवस बसेल आणि कंटाळून जाईल घरी.

शुक्रवारी पारा पंचेचाळीसच्या वर होता. पावणेतीनला देवमनची हाक आली. मी धावत गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेलीच होती. मांडीवर सूप तसंच. डोळे उघडे होते आणि मिलकडे लागलेले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी उष्माघातानं मृत्यू असं लिहिलं. तिची मुलगी मैना दर्यापूरकडच्या गावाहून जीपनं आली आणि घेऊन गेली.

त्या शुक्रवारी दुपारी आणखी एक गोष्ट झाली होती. ती आत्ता लिहायला हात वळत नाही. पुढे सांगतो.

सोमवारी, २७ तारखेला, मिलमध्ये लाइन गेली.

दुपारचे पावणेतीन वाजले होते. माणसं पाणी प्यायला बाहेर गेली. मशीन बंद. हवेचा कॉम्प्रेसर बंद. पंखेसुद्धा बंद. माझा स्क्रीन तेवढा बॅटरीवर चालू होता. एवढी मोठी मिल, पण उंदीर धावला तरी ऐकू आला असता.

आणि...

टक.

मी वर बघितलं. मशीनमध्ये डाळ नव्हती. कॉम्प्रेसरच्या काट्यावर हवा शून्य.

टक... टक.

एकेक. सावकाश. बोटाच्या नखानं सुपातला खडा उडवावा तसं.

मी मशीनपाशी गेलो. जिथं टाकाऊ दाणे पडतात तो पत्र्याचा डबा मी सकाळीच रिकामा केला होता. त्यात आता दाणे पडत होते. वरून काहीच येत नव्हतं. डब्यात मात्र भर पडत होती. मी एक दाणा उचलला. चांगला होता. दुसराही चांगला. सगळे चांगले. चांगल्या दाण्यांना टाकाऊ ठरवून बाजूला काढलं जात होतं.

मी केबिनमध्ये परतलो.

कीबोर्डशेजारी मूठभर डाळ ठेवलेली होती.

"देवमनकाका, आत कोन गेलतं?"

"कोनीच नाई. मी अठीच उभा हाव."

मी स्क्रीनकडे बघितलं. रिकामा करडा रंग होता. आणि तो हलत होता. भिंग नव्हतं, मोबाइल नव्हता. माझ्या उघड्या डोळ्यांना तो हलताना दिसत होता. एक येत होता, एक जात होता.

मी मोबाइल काढला आणि शूटिंग केलं. परतीच्या एसटीत बसून ते बघितलं. पूर्ण स्क्रीन थरथरत होता. फक्त मधला एक भाग थरथरत नव्हता, तेवढाच अगदी शांत होता. डोकं, खांदे, मांडी घातलेले पाय... आणि मांडीवर सुपाचा आकार.

तो व्हिडिओ मी पुसून टाकला. पुसायला नको होता असं आता वाटतं, निदान तुम्हाला दाखवता आला असता.

त्या दिवसापासून मला प्रत्येक स्क्रीनवर ती थरथर दिसायला लागली. घरचा टीव्ही, बँकेतला टोकनचा बोर्ड, लोकांचे मोबाइल. डोकं भणभणायचं. अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तासभर तपासलं आणि म्हणाला, "नजर एकदम चांगली आहे. उलट आता जरा जास्तच तीक्ष्ण आहे." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग ३ जून उजाडला.

रविवारची ड्युटी झाली होती म्हणून त्या सोमवारी मी घरी होतो. माझ्या बायकोला, रागिणीला, सातवा महिना लागला होता, तरी तिनं गरम गरम स्वयंपाक केला होता. जेवायला उशीर झाला. मी ताटावर बसलो.

"वरण काहून नाई वाढलं?" मी विचारलं.

रागिणी माझ्याकडे बघत राहिली. "वाढलं ना. वाटीत काय हाय मंग?"

वाटी रिकामी होती. स्टीलचा तळ दिसत होता. मी बोट घातलं. बोट भाजलं.

घड्याळात पावणेतीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी तिला सांगितलं, वरण दिसत नाही. तिला वाटलं, मी मस्करी करतोय. मग तिनं माझा चेहरा बघितला आणि मला आत घेऊन गेली. स्वयंपाकघरात डाळीचा डबा मला रिकामा दिसत होता. हात घातला की मनगटापर्यंत डाळीत जायचा.

रंग गेला म्हणजे तिथं काळं दिसतं असं समजू नका. तिथं मागचं दिसतं. वस्तू असते आणि डोळ्याला ती नसते.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला आणखी एक रंग गेला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. रोज एक. मी एसटीत होतो आणि कंडक्टर तिकीट मागायला आला. त्याच्या खाकी कपड्यांच्या जागी मला मागची सीट दिसली. वर एक डोकं, खाली दोन हात आणि मध्ये लोंबणारं तिकिटाचं मशीन.

"कुठं?" डोकं म्हणालं.

बाजूच्या माणसानं माझ्या वतीनं अमरावती सांगितलं.

मी रंगांचा माणूस आहे. क्रम माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आधी डाळीचा पिवळा. मग सोयाबीनचा. मग सुपाचा, मग खाकी. मी घरच्या कॉम्प्युटरवर ते रंग एका ओळीत लावले आणि पुढची पायरी कुठं जाते ते बघितलं.

आणखी तीन पायऱ्या पुढे गहू होता. त्याच्या पुढे माणसाची कातडी.

रागिणी गव्हाळ आहे.

त्या दिवशी मी बाथरूममध्ये बसून रडलो. नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती. पण तीन महिन्यांत घरात बाळ येणार होतं. मला माझी बायको दिसायला हवी होती. मला माझं बाळ दिसायला हवं होतं. एवढंच होतं माझं मागणं, आणि ते मागायचं कुणाकडे हेही मला ठाऊक होतं.

मी मैनाकडे गेलो. दर्यापूरला उतरून पुढे जीपनं. ती अंगणात पाणी भरत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तपासणी खोटी होती, स्क्रीन खोटा होता, तुझी आई खरी होती.

तिनं हंडा खाली ठेवला.

"आता मले काहून सांगता?"

"चूक झाली माह्याकडून."

"माय जिवंत होती तवा सांगाचं होतं. रोज फोनवर म्हने, पोट्टी, माह्यी नजर गेली का वं? मी वेडी झाली का? जाताना तिले वाटून राहिलं होतं का तीच खोटी हाय."



"मंग आता मी काय करू, मैनाताई?"

"मले काय माहीत," ती म्हणाली आणि हंडा उचलून आत गेली.

मी भगवंतरावांना म्हणालो, तो कागद रद्द करा. ते म्हणाले, "मेलेल्या बाईची नजर चांगली व्हती का वाईट, आता काय फरक पडते? तू सुट्टी घे चार दिवस." मग मी स्वतःच लिहिलं. सोमवारी, १० जूनला, दुपारची सुट्टी होताना मी गेटसमोर त्या भिंतीपाशी उभा राहिलो आणि मिलच्या माणसांसमोर मोठ्यानं वाचलं. पंचफुलाबाई अकराच्या अकरा वेळा बरोबर होती. मी खोटं लिहिलं. मला २१ तारखेला कळलं आणि मी गप्प बसलो.

भगवंतरावांनी त्याच संध्याकाळी माझ्या एजन्सीला फोन केला आणि माझी नोकरी गेली.

पण पावणेतीनला काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस काहीच नाही. गेलेले रंग परत आले नाहीत, पण पुढचा एकही गेला नाही. मी रागिणीकडे बघत बसायचो. ती लाजायची. म्हणायची, "लग्नात एवढं नाई पाह्यलं."

मला वाटलं, सुटलो.

काल, १९ जूनला, दुपारी आम्ही जेवत होतो. माझ्या हातातली पोळी गेली. हाताला लागत होती, गरम होती. दिसत नव्हती.

मी देवमनला फोन लावला. दुसरं कुणाला लावणार.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, तवा गेटपाशी तुमी सगळं सांगतलं का?"

मी फोन ठेवला.

तेव्हा ती गोष्ट आता सांगतो. आजवर ती फक्त मला आणि देवमनला माहीत होती.

२४ मेला दुपारी दोन वाजता देवमन माझ्या केबिनमध्ये आला होता. म्हणाला, "भाऊ, बुढीचं बोलनं बरोबर नाई लागून राहिलं. जीभ जड झाली तिची. आत सावलीत आनू का? पानी देतो जरासं."

माझ्या केबिनमध्ये गारवा होता. टेबलावर थंड पाण्याची बाटली होती. समोर स्क्रीनवर तेच दोन चौकोन होते, मी ते पुन्हा पुन्हा बघत होतो.

मी म्हणालो, "आत आनली तं तिचं पुन्हा तेच चालू. बसू द्या बाहेर. मी पान्याचं पाहतो."

देवमन गेला. त्याला नोकरी होती, मी साहेब होतो. मी पाण्याचं बघितलं नाही. पाऊण तास मी त्या चौकोनांकडे बघत बसलो. खिडकीतून ती भिंत दिसते. मी एकदाही मान वळवली नाही.

हे मी केलं. चूक म्हणायची सोय नाही, मी केलं.

आज २० जून. सकाळपासून मी रागिणीला समोर बसवून ठेवलं आहे. तिला वरचं सगळं वाचून दाखवलं. बाटलीचंही.

तिचे डोळे भरले होते. मग म्हणाली, "पानी तं द्याचं होतं."

एवढंच म्हणाली. नंतर उठून जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. हिरवी साडी नेसून समोरच्या खुर्चीवर बसली आहे, पोटावर हात ठेवून. मी टाइप करतोय आणि मध्ये मध्ये वर बघतोय. तिच्या हनुवटीवर डावीकडे एक बारीक तीळ आहे. भुवई मधे थोडी तुटलेली आहे, लहानपणी पडली होती म्हणे. एवढ्या वर्षांत मी हे नीट बघितलंच नव्हतं.

दोन चाळीस.

आता काही लपवलेलं नाही. ज्यांनी इथवर वाचलं ते सगळे साक्षीदार आहेत. पंचफुलाबाई, तुमची नजर चांगली होती. मी तुम्हाला मारलं.

दोन बेचाळीस. रागिणी दिसते आहे.

दोन चव्वेचाळीस. दिसते आहे.

...

दोन सेहेचाळीस.

"काहून असे पाहून राहिले?" रागिणीनं आत्ताच विचारलं.

आवाज समोरून आला.

समोर खुर्ची आहे. खुर्चीवर हिरवी साडी बसलेली आहे. केस आहेत, डोळे आहेत, कुंकू आहे, मंगळसूत्र आहे, बांगड्या आहेत. बांगड्या वर उचलल्या गेल्या, जवळ आल्या आणि माझ्या गालाला हात लागला. हात गरम होता.

मी तिला म्हणालो, "काई नाई. बस."

तिला मी आज सांगणार नाही. अशा दिवसांत तिला धक्का बसायला नको. मी आवाजाच्या दिशेनं बघून बोलेन, सवय करून घेईन. घरातली आमची माणसं दिवसभर एकच बोलत असतात, पोटातलं बाळ आईच्या रंगावर जाईल म्हणून. माझी आई तर तसा नवसच बोलली आहे.

तो नवस फळू नये, एवढंच आता मी मागत असतो.